‘व्हिजिल’ पाहावी की ‘एनसीआयएस’?

सैन्यदलातील गुन्ह्यांच्या तपासावरची एखादी इंग्रजी मालिका पाहायची म्हटले, की बीबीसीची ‘व्हिजिल’ आणि अमेरिकेतील सीबीएस वाहिनीची ‘एनसीआयएस’ ही दोन नावे हटकून पुढे येतात. तपास करणारी व्यक्ती नौदलाला परकी आहे की घरची, यावर या दोन मालिकांची सारी प्रकृती ठरते. म्हणून निवड करणाऱ्याने आधी तेवढेच पाहावे.

‘व्हिजिल’च्या 2021 मधील पहिल्या पर्वात अण्वस्त्रसज्ज पाणबुडीवर एका नौसैनिकाचा मृत्यू होतो. वरकरणी तो अमली पदार्थांमुळे झालेला दिसतो. तपासासाठी स्कॉटलंडच्या पोलीस दलातील एमी सिल्वा (सुरॅन जोन्स) हिला हेलिकॉप्टरमधून पाणबुडीवर उतरवले जाते. ब्रिटनची किमान एक अण्वस्त्रधारी पाणबुडी 1969 पासून अखंड गस्तीवर असते, त्यामुळे एका मृत्यूसाठी गस्त मोडणे नौदलाला मान्य नाही. पाणबुडीचा ठावठिकाणाही उघड व्हायचा नसतो. परिणामी किनाऱ्यावरची सहकारी कर्स्टन निरोप पाठवू शकते, पण एमीला उत्तर धाडता येत नाही. ज्यांची जबानी घ्यायची, त्यांच्याच मर्जीवर एमीचे तिथले हिंडणे-फिरणे अवलंबून आहे, आणि हा पेच सहाही भागांत सैल पडत नाही. पाणबुडीतील मार्गिका मात्र खऱ्यापेक्षा फारच ऐसपैस दाखवल्या आहेत, आणि उत्तरार्धात योगायोगही अंमळ जास्त झाले आहेत.

‘एनसीआयएस’ 2003 पासून सुरू आहे. एनसीआयएस म्हणजे ‘नेव्हल क्रिमिनल इन्व्हेस्टिगेटिव्ह सर्व्हिस’, नौदलाशी संबंधित गुन्ह्यांचा तपास करणारी यंत्रणा; ती अमेरिकेत प्रत्यक्षात अस्तित्वात आहे. तिचे अधिकारी बहुतांशी मुलकी असले, तरी ती नौदलाचाच भाग आहे आणि मालिकेचा नायक गिब्ज तर मरीन दलाचा माजी नेमबाज आहे. त्यामुळे गुन्हेगार गणवेशातला निघाला, तरी संस्था म्हणून नौदल सहसा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहत नाही. बहुतेक प्रकरणे पाऊण तासात निकालात निघतात. गोडी आहे ती माणसांत: चुकार डिनोझोच्या डोक्यात टपली मारणारा गिब्ज आणि मृतदेहाशी गप्पा मारत शवविच्छेदन करणारा डकी पुन्हा भेटावेत, म्हणूनच ती पाहिली जाते.

सैन्यदलाच्या गोपनीयतेला भिडणारा तपास हवा असेल, तर माझे मत निःसंशय ‘व्हिजिल’च्या बाजूने आहे. 2023 चे दुसरे पर्व ड्रोन आणि आखातातील एका काल्पनिक देशाभोवती फिरते. त्याचे कथानक स्वतंत्र असले, तरी एमी आणि कर्स्टन यांचे नाते पहिल्या पर्वात उलगडत असल्याने सुरुवात तिथूनच करावी. जेवताना एखादा भाग पाहून उठायचे असेल, तर ‘एनसीआयएस’ सोयीची. तिची वीसहून अधिक पर्वे सलग पाहण्याची सक्ती नाही. गिब्जची भूमिका करणारे मार्क हार्मन 2021 मध्ये बाहेर पडले, एवढे लक्षात ठेवून पर्व निवडावे.