सिंथेटिक की साधं ऑइल: नागपुरात १४ महिने, २० हजार किलोमीटर चालवल्यावरचा अनुभव

गाडी माझी २०१५ ची स्विफ्ट पेट्रोल, सध्या १ लाख १८ हजार झालेत. घर मनीषनगरला अन् कंपनी बुटीबोरीला, म्हणजे रोजचे जाऊन-येऊन ५०-५५ किलोमीटर, त्यात वर्धा रोडचा मोकळा पट्टाही येतो आणि संध्याकाळची रांगत चालणारी ट्रॅफिकही येते. मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधी पहिल्यांदा फुल्ली सिंथेटिक इंजिन ऑइल टाकलं, तेव्हापासून १४ महिने आणि २० हजार किलोमीटर झाले, दोनदा बदलून आता तिसरं ऑइल चालू आहे. एक हिवाळा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा निघाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण ऑइल बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी "इंजिन मख्खन झालं" असं सगळेच लिहितात, अन् कोणतंही नवीन ऑइल टाका, दोन-चार दिवस गाडी छानच वाटते.

आधी काय चालू होतं ते सांगतो. कंपनीच्या सर्व्हिस संपल्यापासून गाडी आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे जायची, तो दर ५ हजार किलोमीटरला २०डब्ल्यू-४० ग्रेडचं (ग्रेड म्हणजे ऑइलच्या जाडीचा आकडा) मिनरल, म्हणजे साधं ऑइल टाकायचा. हात चांगला आहे त्याचा, क्लच, सस्पेन्शन सगळं त्यानेच केलं, आजही गाडी त्याच्याकडेच जाते. पण मागच्या वर्षी मे महिन्यात डिपस्टिक काढली तर ऑइल खालच्या खुणेला टेकलेलं, अर्धा लिटर वरून टाकावं लागलं. तेव्हा डॅशबोर्डच्या खणातलं मॅन्युअल काढून वाचलं, आठ-नऊ वर्षांत पहिल्यांदाच नीट वाचलं, त्यात ५डब्ल्यू-३० लिहिलेलं. म्हणजे एवढी वर्षं आपण भलतंच ऑइल टाकून राहिलो.

मिस्त्रीला दाखवलं तर तो म्हणे, "भाऊ, मॅन्युअल दिल्लीवाले लिहितात. इथं पंचेचाळीस-शेहेचाळीस जाते टेंपरेचर, तुमचं ते पातळ पाणी टिकन का? चाळीसच पाहिजे." आता हे वाक्य नागपुरात प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येते आणि ऐकायला पटतेही, कारण आपलं ऊन काही खोटं नाही, २३ मे २०१३ ला इथं ४७.९ नोंदलं गेलं होतं. मलाही पटलेलंच होतं. पण मग विचार केला की बाहेर ४६ असो नाहीतर १६, इंजिनच्या आतलं पाणी थर्मोस्टॅट ९० च्या आसपासच धरून ठेवतो, फॅन त्याच्यासाठीच लागतो. खालच्या चेंबरमधलं ऑइल गरम झाल्यावर साधारण शंभरच्या आसपास असतं, उन्हाळ्यात थोडं वर जात असेल, पण बाहेर २० डिग्री वाढले म्हणून आत २० वाढत नाहीत. अन् डब्यावरचा तो ३० किंवा ४० चा आकडा मुळात १०० डिग्रीला ऑइल किती जाड राहते त्याचाच आहे: ३० वालं ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकमध्ये (हे जाडी मोजायचं माप) बसलं पाहिजे, ४० वालं १२.५ ते १६.३ मध्ये. म्हणजे ३० म्हणजे पाणी अन् ४० म्हणजे काकवी असं काही नाही, एकाची हद्द संपते तिथूनच दुसऱ्याची चालू होते. इंजिन बनवणाऱ्याने बेअरिंगमधली फट अन् पंप हे सगळं ज्या जाडीवर बसवलं, ती जाडी त्याने मॅन्युअलमध्ये लिहून दिली. मला विचाराल तर सिंथेटिक की साधं हा प्रश्न दुसरा आहे, पहिला प्रश्न ग्रेडचा आहे, अन् आपल्याकडे लोक पहिला सोडून दुसऱ्यावर भांडून राहिले.

पुढचा ५डब्ल्यू थंडीचा, डब्ल्यू म्हणजे विंटर. ५डब्ल्यू ची एक टेस्ट उणे ३० ला होते, २०डब्ल्यू ची उणे १५ ला. माझा साळा म्हणाला आपण काय लेहला राहतो का. बरोबर आहे, आपल्याकडे शून्यही होत नाही, २०१८ च्या डिसेंबरात ३.५ झालं होतं तेच आजवर लोक सांगतात. पण फरक काय शून्याखालीच पडतो असं नाही ना, सकाळी ९-१० डिग्रीला सुद्धा २०डब्ल्यू-४० चांगलंच घट्ट झालेलं असते अन् वर टायमिंग चेन-कॅमपर्यंत, म्हणजे इंजिनच्या वरच्या फिरत्या भागांपर्यंत पोचायला वेळ घेते. माझ्या गाडीत हा फरक पहिल्या हिवाळ्यातच दिसला, आधी डिसेंबरच्या सकाळी स्टार्ट केल्यावर चार-पाच सेकंद बारीक खडखड यायची, आता सेल्फ मारल्यावर एक सेकंदात शांत. हा बदल इतका सरळ होता की बायकोने न सांगता विचारलं, गाडीचं काय काम केलं म्हणून.

आता एक त्रास झाला तोही सांगतो, कारण हा प्रश्न जुन्या गाडीवाल्यांना येणारच. सिंथेटिक टाकून हजार-बाराशे किलोमीटर झाले असतील, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या कडेला ओलसर दिसायला लागलं, धूळ चिकटून काळी रेघ झालेली. मिस्त्री लगेच म्हणाला, मी सांगितलं होतं, पातळ ऑइल लीक होते. मी म्हटलं बरं, कव्हर उघडू या. उघडलं तर पॅकिंग नऊ-दहा वर्षं उष्णता खाऊन प्लास्टिकसारखं कडक झालेलं, वाकवलं तर तुटलं. म्हणजे लीक तिथं आधीपासूनच होतं, जुना चिकट मळ बसून ते बुजलेलं होतं. नवीन ऑइलमधल्या डिटर्जंटने तो मळ सुटला अन् खरी हालत दिसली. पॅकिंग बदलायला मजुरी धरून ६०० च्या आत काम झालं, त्यानंतर आजपर्यंत कोरडं ठणठणीत आहे. त्यामुळे ज्यांची गाडी लाखाच्या वर गेली त्यांनी सिंथेटिक टाकताना हा खर्च मनात धरूनच ठेवा. मिस्त्री इंजिन फ्लश (आतला मळ धुवायचं औषध) मार म्हणत होता, मी नाही मारलं, दहा वर्षांचा मळ एकदम सुटून ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसायला नको, हळूहळू निघू दे म्हटलं.

ऑइल कमी होण्याचं म्हणाल तर मी दर रविवारी सकाळी, गाडी थंड आणि सपाट जागेवर असताना, डिपस्टिक पाहून डायरीत लिहिलं. पहिलं भरलेलं ९,६०० किलोमीटरला काढलं, मे च्या मध्यात. दुसरं भर उन्हाळ्यातच भरलं, त्याने नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वात तापते नऊ दिवस पाहिले, समृद्धीवरून शिर्डी पाहिली, नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर, एसी फुल, चार माणसं अन् सामान, १०० च्या आसपास स्पीड धरून सलग. येऊन दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, लेव्हल जिथं होती तिथंच. ते दुसरं ९,७०० किलोमीटर चाललं आणि तेवढ्यात दोन खुणांच्या मधलं पाव अंतरही खाली गेलं नाही. पण याचं सगळं श्रेय मी सिंथेटिकला देणार नाही, पॅकिंग बदललं त्याचाही वाटा आहे. एवढं मात्र नक्की म्हणू शकतो की "पातळ ऑइल उन्हाळ्यात इंजिन पिऊन टाकते" हे माझ्या गाडीत तरी झालं नाही.

मायलेज: टाकी फुल ते टाकी फुल मोजलं, आधी सरासरी १६.३ होती, आता १६.८. अर्धा किलोमीटर वाढला, पण एसी किती चालला अन् टायरमध्ये हवा किती यानेही तेवढा फरक पडते, आणि जो पडला तो जाड ऑइलवरून पातळवर आलो म्हणून पडला. मायलेजसाठी म्हणून कोणी सिंथेटिक टाकत असेल तर टाकू नका.

हे ग्रेडचं मी एवढ्या खात्रीने काहून म्हणतो, तर घरी दुसरी गाडी आहे म्हणून. बाबांची जुनी आल्टो. बाबांचं रनिंग वर्षाला ३ हजार, कधी बर्डी, कधी धरमपेठ, टेकडी गणपती, बँक, बस. त्यातही २०डब्ल्यू-४० च होतं. बाबांना म्हटलं तुमच्यातही सिंथेटिक टाकू, तर त्यांनी किंमत विचारली आणि म्हणाले, "एवढ्या पैशात सोयाबीनचा पिपा येते घरात, माझ्या गाडीला काय करायचं आहे?" मग त्यांच्या मॅन्युअलच्या तक्त्यात बसणारं १०डब्ल्यू-३० साधं मिनरल घेतलं. तर सकाळची खडखड त्यांच्याही गाडीत निम्म्यावर आली! म्हणजे माझ्या गाडीत मी एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, ग्रेडही आणि ऑइलची जातही, अन् त्यातला सुरुवातीचा आवाजाचा फायदा बराचसा ग्रेडचाच होता हे आल्टोने दाखवलं.

अन् बाबांच्या गाडीला साधंच बरोबर आहे असं आता माझंही मत झालंय. तीन-चार किलोमीटर गेली अन् बंद केली, अशा वापरात ऑइल पूर्ण तापतच नाही, ओलावा अन् न जळलेलं पेट्रोल त्यात उतरते आणि तिथंच राहते. ऑइल कितीही महागाचं असो, ते वर्षाला बदलावंच लागते, मग किलोमीटर ३ हजार झाले असले तरी. सिंथेटिकचा खरा गुण म्हणजे ते उष्णतेने लवकर सडत नाही, जास्त किलोमीटर तग धरते, अन् तो गुण जिथं वापरायलाच मिळत नाही तिथं दुप्पट पैसे कशाला द्यायचे.

माझ्या गाडीत तो गुण वापरला जातो. ९,७०० ला काढलेलं ऑइल काळं होतं, ते होणारच, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे, काळं झालं म्हणजे खराब झालं असं नाही. बोटावर चोळून पाहणं वगैरे मी आता सोडून दिलं, त्यातून काही कळत नाही. पण ऑइल टाकायच्या झाकणाखाली आधी जो तपकिरी थर जमलेला असायचा तो या १४ महिन्यांत बऱ्यापैकी निघाला, आतला धातू दिसायला लागला.

पैशाचं गणित माझ्या बिलांवरून: मिनरल साडेतीन लिटर १,२५०, फिल्टर ११०, मजुरी २००, एकूण १,५६०, दर ५ हजारला, म्हणजे किलोमीटरला ३१ पैसे. सिंथेटिक साडेतीन लिटर २,४५०, बाकी तेच, एकूण २,७६०, १० हजाराच्या हिशोबाने २७-२८ पैसे. म्हणजे मला स्वस्तच पडलं, पण ते फक्त १० हजार चालवलं म्हणून. मिस्त्रीच्या ऐकण्यात येऊन सिंथेटिकही ५ हजारला काढलं असतं तर ५५ पैसे पडले असते, आणि लोक नेमकं तेच करून राहिले. तसं पाहिलं तर मारुतीचं स्वतःचं शेड्यूलच १० हजार किंवा १ वर्ष आहे, त्याच्या पुढे मात्र मी डब्यावर १५ लिहिलं असलं तरी जाणार नाही, आपली धूळ, एसी आणि ट्रॅफिक पाहता १० पुरे.

ब्रँड मुद्दाम नाही लिहिला, नाहीतर सगळे त्याच्याच मागे लागतात. पहिल्यांदा एक घेतला, दुसऱ्यांदा दुसरा, मला फरक जाणवला नाही. डब्याच्या मागे एपीआय एसपी (पेट्रोल इंजिन ऑइलच्या दर्जाची खूण) आहे का पहा, हे २०२० पासूनचं आहे, जुन्या पेट्रोल गाडीलाही चालते. आणि "सिंथेटिक" शब्दावर फार जाऊ नका, आज बाजारातलं बरंचसं सिंथेटिक हे कच्च्या तेलापासूनच, हायड्रोक्रॅकिंग करून अगदी साफ केलेलं असते, त्याला ग्रुप ३ म्हणतात. अमेरिकेत १९९९ मध्ये यावरून दोन मोठ्या कंपन्यांचं भांडण झालं होतं अन् ग्रुप ३ ला सिंथेटिक म्हणता येईल असाच निकाल लागला. ते वाईट नाही, माझ्यात बहुतेक तेच आहे. टर्बो पेट्रोल असेल तर मात्र साधं टाकूच नका, तिथं ऑइल टर्बोच्या शाफ्टवर भाजून निघते, अन् डीपीएफवाली (धुरातली काजळी गाळणारी जाळी असलेली) बीएस६ डिझेल असेल तर कंपनीने दिलेला कोड जसाच्या तसा जुळला पाहिजे.

डबा मात्र स्वतः घ्या आणि स्वतःसमोर ओतून घ्या. मला एका दुकानात झाकणाची रिंग आधीच सैल असलेला डबा मिळाला, मी तिथंच परत केला, दुकानदार कुरकुरला पण केला. रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडून येत नाही, खिळ्याने दोन-तीन भोकं पाडून घरी आणतो, कारण ब्रँडेड रिकामे डबे परत भरायला जातात. टॉप-अपला तेच ऑइल नाही मिळालं तर घाबरू नका, त्याच ग्रेडचं साधं मिसळलं तरी इंजिनला काही होत नाही, ऑइल एकमेकांत मिसळलंच पाहिजे ही अटच असते त्यांच्यावर.

तिसरं ऑइल मागच्या आठवड्यात त्याच मिस्त्रीकडे टाकलं, परत ५डब्ल्यू-३० सिंथेटिक. ऑइलचं झाकण उघडं होतं तेव्हा त्याने स्वतः त्याच्या खालून बोट फिरवून पाहिलं अन् बराच वेळ पाहत राहिला, मग विचारलं, "किती किलोमीटरला काढून राहिले तुम्ही?" ९,७०० सांगितलं. शेजारी एक २०१६ ची वॅगन आर लागलेली होती, तिच्या मालकाला त्याने गाडीतलं मॅन्युअल काढायला सांगितलं.