नॅनोक्ले, सात महिन्यांनंतर

पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक आणि ईपीडीएम हे कृत्रिम रबर यांच्या ब्लेंडमध्ये (मिश्रणात) गेले सात महिने मी नॅनोक्ले, म्हणजे अतिशय पातळ थरांची माती, घालतोय. पहिल्या महिन्यात कुणी मत विचारलं असतं तर ‘नादी लागू नका’ म्हणून मोकळा झालो असतो. आता तसं म्हणणार नाही. पण पोतं फोडून पावडर थेट मिक्सरमध्ये ओतणाऱ्याचा हात मात्र धरेन.

पावडर भलतीच हलकी. चार टक्के म्हणून काट्यावर घ्यावी तर हा ढीग! हॉपरमध्ये ती कमान धरून अडून बसते आणि खाली फीडर रिकामाच फिरत राहतो. मास्क लावल्याशिवाय डबा उघडू नका.

आता मूळ मुद्दा. ही माती म्हणजे माँटमोरिलोनाइट. तिचा एकेक थर जेमतेम 1 नॅनोमीटर जाड, पण लांबी-रुंदीला शेकडो नॅनोमीटर. सगळी करामत हे थर सुटे होण्यात आहे. कच्च्या मातीत थरांमध्ये सोडियम बसलेला असतो. त्याला पाण्याची ओढ, पॉलिमरशी घेणंदेणं नाही. म्हणून त्याच्या जागी लांब शेपटीचे क्वाटर्नरी अमोनियम आयन बसवतात आणि थर थोडे फाकतात. तरीही पॉलिप्रॉपिलीन आत शिरत नाही. त्यासाठी मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन मध्यस्थ म्हणून लागतं. मी क्लेच्या दुप्पट घेतो. हा मध्यस्थ वाचवायला गेलो तेव्हा ब्लेंडच्या तयार पट्टीवर उघड्या डोळ्यांना ठिपके दिसले. म्हणजे नॅनो वगैरे काही नाही, साधी महागडी माती!

माझी खरी फजिती क्युअरमध्ये, म्हणजे रबर पक्कं करण्यात, झाली. आमचं ब्लेंड सल्फरवर, मिक्सर चालू असतानाच क्युअर होतं. पहिल्या काही बॅचना मी क्ले, रबर, झिंक ऑक्साइड, अॅक्सिलरेटर (क्युअरचा वेग वाढवणारं रसायन) असं सगळं नेहमीच्या क्रमानं टाकलं. मिक्सरला किती जोर लागतोय ते दाखवणारा टॉर्कचा काटा नेहमीपेक्षा कितीतरी आधी चढला. झाकण उघडलं तर आत भुसा! प्लास्टिकमध्ये बारीक विखुरण्याआधीच रबर आवळलं होतं. मी सल्फरच्या लॉटवर संशय घेत बसलो. दोष क्लेवरच्या त्या अमोनियम संयुगाचा होता: ते अमाइनसारखं वागतं आणि सल्फर क्युअरला ढकलतं, त्यामुळे स्कॉर्च टाइम, म्हणजे क्युअर सुरू होण्याआधीचा अवधी, घटतो. पुरवठादाराच्या माहितीपत्रकात याचा उल्लेख असता तर दोन आठवडे वाचले असते.

तेव्हापासून क्रम बदलला. आधी पॉलिप्रॉपिलीन, मध्यस्थ आणि क्ले यांचा मास्टरबॅच (दाट पूर्वमिश्रण) ट्विन स्क्रूवर (दोन स्क्रूंच्या एक्सट्रूडरवर) काढायचा. मग त्यात रबर नीट मिसळू द्यायचं. क्युअरचं सामान सगळ्यात शेवटी, अॅक्सिलरेटर कमी करून. टक्केवारी तीच राहिली, माल मात्र ओळखू येईना. अशा क्रमानं क्ले बहुतेक प्लास्टिकच्या बाजूला आणि सीमेवर राहते, रबरचे थेंब पुन्हा एकत्र येताना आडवी येते, म्हणून कण बारीक राहतात.

कडकपणासाठी पूर्वी 20 टक्के टॅल्क ही खनिज पावडर घालायचो. आता 4 टक्के क्लेवर तेवढंच मॉड्युलस (कडकपणाचं माप) मिळतं आणि भाग हलका होतो. जनरल मोटर्सनं 2002 च्या व्हॅनवर पाय ठेवायची पायरी याच जातीच्या मालाची बसवली होती, तेव्हा हे काही प्रयोगशाळेतलं खूळ नव्हे. डायमधून (पट्टीला आकार देणाऱ्या तोंडातून) बाहेर पडल्यावर पट्टी कमी फुगते, कडा स्वच्छ येते. मला सगळ्यात आवडली ती तेलातली चाचणी: आयआरएम 903 या प्रमाणित चाचणी-तेलात 100 अंशांवर 70 तास बुडवलेला तुकडा क्ले नसलेल्यापेक्षा स्पष्ट कमी फुगला. चपटे थर वाट अडवतात, तेलाला वळसे घ्यावे लागतात.

वजाबाकीही आहे. डंबेल (चाचणीसाठी कापलेला डंबेलच्या आकाराचा तुकडा) ताणला की लवकर तुटतो. थंडीतल्या आघाताला माल हळवा झाला. कंप्रेशन सेट (दाब काढल्यावर मूळ जाडीला परत न येण्याचं प्रमाण) बिघडला, त्यामुळे दाबून बसणाऱ्या सीलमधून क्ले मी काढूनच टाकली. सहा-सात टक्क्यांच्या पुढे गेलात तर गुठळ्या वाढतात, फायदा नाही. आगीबद्दल गैरसमज नको: क्लेमुळे उष्णता बाहेर पडण्याचा वेग कमी होतो, पण पेटलेला तुकडा आपोआप विझत नाही.

तापमानाचंही भान ठेवा. 200 अंशांच्या वर ते अमोनियम संयुग तुटू लागतं. माशासारखा वास सुटला आणि पट्टी पिवळसर दिसली की एक्सट्रूडरचं बॅरल (तापवलेली नळी) जास्त तापलंय असं समजा. ओलाव्यासाठी मी पावडर रात्रभर 80 अंशांवर वाळवतो.

आणखी एक. थरांमधल्या ठरावीक अंतरामुळे येणारं एक्स-रे आलेखातलं शिखर गायब झालं म्हणजे थर सुटले, असं आम्हाला ठासून सांगितलं होतं. शिखर तर थर नुसते विस्कटले तरी पुसट होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तोच नमुना पाहिला तर पाच-सात थरांच्या गड्ड्या तशाच होत्या, आणि तरीही मॉड्युलस चांगलं आलं होतं.

सध्या क्ले फक्त तेलाजवळ बसणाऱ्या पट्ट्यांसाठी चालू आहे, तीही मास्टरबॅच करूनच. बाकी ठिकाणी पुन्हा टॅल्क.