३२ इंची गॅलॅक्टस: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्याकडे मार्व्हल कॉमिक्समधल्या गॅलॅक्टस या महाकाय खलपात्राची फिगर, म्हणजे सांधे हलणारी मूर्ती आहे. पहिले तीन आठवडे मी तिला चुकीच्या जागी ठेवलं होतं, आणि तेवढ्यावरून फिगर परत विकून टाकायच्या विचारापर्यंत आलो होतो. म्हणून आधी जागेबद्दलच लिहितो.

कोथरूडला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. फिगर ३२ इंच उंच, म्हणजे पावणेतीन फुटांना एक इंच कमी. एवढं धूड मावेल अशी एकच मोकळी जागा दिसली, हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटाच्या डोक्यावर. तिथे चढवला, खाली उतरून पाहिलं आणि जीव खट्टू झाला. एका बाजूला पंखा, वर छत, आजूबाजूला नुसती भिंत. शाळेच्या ऑफिसात कपाटावर ढाल ठेवलेली असते ना, तेवढाच दिसत होता. ५५,००० रुपये ज्या आकारासाठी मोजले, तो आकारच नाहीसा झाला होता.

दिवाळीत भाचा किल्ला करायला आला, तेव्हा उलगडा झाला. त्याच्याकडचे मावळे दोन मापांचे होते. जुने मोठे, यंदाचे लहान. आधी त्याने मोठा मावळा वरच्या बुरुजावर उभा केला, तर बुरूज काडेपेटीएवढा वाटायला लागला. मग त्याने मोठे मावळे खाली, पुढे आणले आणि बोटाच्या पेराएवढे लहान मावळे वर ठेवले. त्याच चार घमेली मातीचा किल्ला एकदम उंच झाला. मी तिथेच बसलो होतो. भाऊबीजेच्या रात्री गॅलॅक्टस कपाटावरून खाली आला.

आता तो टीव्हीच्या डावीकडे, जमिनीपासून जेमतेम सहा इंच उंचीच्या पाटावर उभा आहे. पायांशी माझ्याकडच्या जुन्या सहा इंची फिगर्स आहेत. त्यांची डोकी त्याच्या गुडघ्यापर्यंतही पोचत नाहीत. सोफ्यावरून पाहिलं तर फार काही वाटत नाही, पण समोर सतरंजीवर मांडी घालून बसलं की त्या जांभळ्या शिरस्त्राणाखालून तो खाली बघत असतो आणि पायाशी उभ्या असलेल्या माणसांची बाजू आपोआप आपली होते.

चित्रकार जॅक कर्बी यांनी तो असाच काढला होता. 'फँटॅस्टिक फोर' या कॉमिकच्या १९६६ मधल्या ४८ ते ५० या तीन अंकांत लेखक स्टॅन ली आणि कर्बी यांनी गॅलॅक्टसला आणलं. ग्रह गिळणारा हा महाकाय जीव आणि त्याच्यापुढे न्यू यॉर्कमधल्या एका गच्चीवर उभी चार माणसं. कर्बींच्या चौकटींत जवळपास कुणीतरी बारकं असतं, म्हणून तो प्रचंड वाटतो. या फिगरला शेजार लागतोच. एकटी घेऊन एकटी ठेवणार असाल, तर माझा सल्ला आहे की घेऊ नका.

आता खरेदीबद्दल. मी ती सेकंडहँड घेतली, बाणेरमधल्या एका संग्राहकाकडून. तो परदेशी चालला होता. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के झालं. त्यात एवढ्या मोठ्या खोक्याचं विमानभाडं धरलं, की नवी मागवण्याचा हिशेब माझ्यासारख्या पगारदाराच्या आवाक्याबाहेर जातो. त्यामुळे आपल्याकडे अशा मोठ्या फिगर्स बऱ्याचदा एका हातातून दुसऱ्या हातात जातात. बघायला जाल तेव्हा पेंट नंतर बघा, आधी सांधे ऐका. खांदे, कंबर, नितंब या ठिकाणी रॅचेट असतं, म्हणजे आत दातेरी चकती. हलवलं की कट्-कट् असा कोरडा आवाज आला पाहिजे. आवाज न येता सांधा नुसता सरकत असेल, तर दाते झिजलेत असं समजा आणि घरी या. माझ्या फिगरचा डावा खांदा किंचित मऊ होता. मालकाने ते आपणहून सांगितलं आणि ३,००० कमी केले.

या फिगरमधलं सगळ्यात सुंदर काय, तर हात. प्रत्येक बोट पेरापेरात वाकतं, अंगठासुद्धा. तर्जनी सरळ आणि बाकीची बोटं अर्धवट मिटलेली ठेवली की तो काहीतरी फर्मावतोय असं वाटतं. तीच बोटं पसरून तळवा खाली केला की एखादं शहर झाकून टाकणार असं वाटतं. रात्री जेवणं झाली की मी पाच मिनिटं तिथे बसतो आणि बोटं बदलतो. दहा महिन्यांत एकही बोट सैल पडलेलं नाही. खूप फिगर्स हाताळल्यात, पण एवढी बोलकी बोटं दुसऱ्या कुठल्या फिगरला पाहिली नाहीत.

चेहरा बदलता येतो. पुढची पट्टी काढून दुसरी बसवायची. मी शांत चेहरा ठेवलाय, तोंड वासलेला खोक्यात आहे. आईने पहिल्या दिवशीच याला बकासुर म्हटलं होतं, आणि तिची उपमा मला अगदी नेमकी वाटते. एकचक्रेतल्या बकासुराला गाडाभर अन्न, दोन रेडे आणि वर एक माणूस लागायचा. त्याच्या मागे काही सूड नव्हता, भूक होती. गॅलॅक्टसचंही तेच. आपल्याला मुंगीचा राग येत नाही, तसा त्याला आपला येत नाही. त्याला पोट भरायचंय. त्यामुळे दात विचकणारा चेहरा त्याला शोभत नाही. थोडा थकलेला, कुठेतरी दूर बघणारा चेहराच जास्त भीती घालतो, आणि तो रंगवणाऱ्याने डोळ्यांखालच्या सावलीपर्यंत मनापासून रंगवलाय.

मांड्यांवरची निळी रंगछटा मात्र सपाट आहे. आतल्या बाजूला साच्याची शिवण नखाला लागते. गुडघे वाकतात, पण वाकवू नका. एकदा मी एक पाय पुढे टाकून चालण्याची पोझ दिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तो टीव्हीला टेकलेला सापडला. डोकं, खांदे, छाती, सगळं वजन वर आहे. पाय खांद्यांइतके रुंद आणि गुडघे सरळ हीच त्याची पोझ.

उन्हाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. हॉलची खिडकी पश्चिमेची. एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकला, की चारनंतर ऊन थेट पाटापर्यंत येतं. अंगाचा मोठा भाग कडक प्लॅस्टिकचा आहे, त्याला काही झालं नाही. पण कमरेखालची झालर मऊ पीव्हीसीची आहे. एका रविवारी पुसताना लक्षात आलं की पुढची पट्टी बाहेरच्या बाजूला वळलीय, वाळत घातलेला पापड कडेने उचलतो तशी. हेअर ड्रायर मध्यम आचेवर ठेवून लांबून मिनिटभर फिरवला, पट्टी नरम झाल्यावर अंगठ्याने सरळ दाबून धरली आणि थंड पाण्याचं फडकं लावलं. बसली. त्याच संध्याकाळी खिडकीला जाड पडदा लावला. उन्हाने जांभळा रंग विटला, तर त्याला ड्रायरचा काही उपयोग नाही.

पावसाळ्यातली चूक पूर्णपणे माझी. डोळ्यांत आणि छातीत दिवे आहेत. अंधारात डोळे पेटले की पाहुणे गप्प होतात. जूनपासून दिवे लावले नव्हते आणि सेल आतच राहिले. जुलैच्या शेवटी झाकण उघडलं तर स्प्रिंगवर पांढरी खरखरीत बुरशीसारखी पूड. अल्कलाइन सेल गळले की असं होतं. कान साफ करायची काडी व्हिनेगरमध्ये बुडवून स्प्रिंग घासली. जरा फसफसलं, पूड विरघळली. मग ओल्या काडीने पुसून दिवसभर उघडं ठेवलं. तरी एक स्प्रिंग गंजलीच होती. ती तपकीर गल्लीत वीस रुपयांत मिळाली. दिवे लागतात. आता दिवे बघून झाले की लगेच सेल काढतो.

धुळीसाठी फडकं वापरू नका, शिरस्त्राणाच्या शिंगांत धागे अडकतात. आईने तिचा जुना, मऊ केसांचा रंगकामाचा ब्रश दिलाय आणि दर शनिवारी ती स्वतःच फिरवते. खांद्यांपासून सुरू करून खाली येते. पायाशी उभ्या असलेल्या सिल्व्हर सर्फरला, म्हणजे गॅलॅक्टसच्या चंदेरी दूताला, बाजूला उचलून ठेवते आणि परत अगदी त्याच जागी लावते. मी कधी सांगितलं नव्हतं. सर्फर मूळ कथेच्या आराखड्यात नव्हता, एवढ्या मोठ्या जिवाला वर्दी देणारा कुणीतरी हवा म्हणून कर्बींनी तो चित्रांत आपल्या मनाने घातला, ही गोष्ट मी तिला नंतर सांगितली. तिला ती फार आवडली.

पुढच्या महिन्यात गणपती. आमचं मखर दरवर्षी त्याच कोपऱ्यात लागतं, त्यामुळे गॅलॅक्टस दहा दिवस आतल्या खोलीत जाणार. उचलताना खांद्यांना धरायचं नाही. एक हात दोन पायांच्या मधून खाली आणि दुसरा पाठीमागे. पाटावर त्याच्या तळव्यांच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून ठेवलीय, म्हणजे परत आणल्यावर सर्फर आणि बाकीची माणसं पुन्हा त्याच अंतरावर उभी करता येतील.