पाण्याचा टब, झोका की थेरपी: ऑटिस्टिक मुलासाठी आधी काय निवडावं?

सेन्सरी प्ले, म्हणजे स्पर्श, हालचाल अशा संवेदनांना चालना देणारा खेळ, सुरू करायचा म्हटलं की आधी खरेदीची यादी तयार होते: रंगीत वाळू, चिकट जेल, काटेरी चेंडू, वजनदार जॅकेट. मी उलटं सुचवेन. मुलाला नेमकं काय शिकवायचंय ते आधी एका वाक्यात लिहा. ‘अजून हवं असेल तर मागेल.’ ‘आपली पाळी येईपर्यंत थांबेल.’ ‘पाण्याचा जग तिरका करून पेला भरेल.’ वाक्य ठरलं की अर्धी निवड तिथेच होते.

पाणी आणि वाळू

हाताचं काम किंवा मागणं शिकवायचं असेल तर माझा कल सरळ पाण्याकडे. ओतताना चुकलं तर लगेच दिसतं आणि पुन्हा करून बघायला काही लागत नाही. एका हाताने नरसाळं धरायचं, दुसऱ्याने ओतायचं, पेल्यावरच्या रेघेपर्यंत पाणी आलं की थांबायचं: मनगट, नजर आणि संयम, तिन्हीला काम मिळतं.

मागणं शिकवताना रिकामा पेला मुलाकडे द्या, भरलेला जग आपल्याकडे ठेवा. थोडं ओता, जग तसाच तिरका धरून थांबा आणि गप्प राहा. मनात दहापर्यंत मोजा. मूल पाण्याच्या जगकडे बघेल, तुमचा हात ढकलेल, चित्राचं कार्ड पुढे करेल किंवा नुसतं ‘अजू’ म्हणेल. यातलं जे येईल ते मागणं धरायचं आणि लगेच ओतायचं. बिनसतं ते बहुधा मोठ्यांच्या घाईमुळे. ‘काय हवंय? बोल ना! पाणी म्हण!’ असा भडिमार झाला की मूल पाठ फिरवतं.

वाळूचं गणित वेगळं. काही मुलं ती डोळ्यांसमोर बोटांतून सोडत कितीतरी वेळ रमतात. रमू द्या, तो त्यांचा विसावा आहे. त्यात घुसून शिकवू नका आणि त्या वेळेला धडाही म्हणू नका.

हातच लावायला तयार नसलेल्या मुलाला चमचा द्या, चिमटा द्या, नाहीतर जेल झिपच्या बंद पिशवीत घालून द्या. त्याचा हात धरून बुडवणं हा शिकवण्याचा प्रकारच नव्हे. साधा स्पर्शही काहींना असह्य होतो, त्याला हट्ट म्हणता येत नाही. संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे २०१३ पासून डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकन पुस्तिकेत ऑटिझमच्या निकषांपैकी एक आहे. मूल वस्तू तोंडात घालत असेल तर पाण्यात फुगणारे मणी घरात आणूच नका. गिळलेला मणी आतड्यात फुगून अडकू शकतो. आणि टबभर पाणी असेल तिथून मोठ्या माणसाने क्षणभरही हलायचं नाही.

झोका, उड्या, ढकलणं

एका जागी बसूच न शकणाऱ्या मुलासमोर पाण्या-वाळूचा ट्रे मांडून उपयोग नसतो. त्याच्यासाठी सुरुवात हालचालीने. पुस्तकांची पेटी ढकलत नेणं, उशांच्या ढिगावर उडी मारणं, भिंतीला दोन्ही हातांनी रेटणं अशा जड कामात स्नायू आणि सांध्यांना जोर मिळतो आणि पुष्कळ मुलं त्यानंतर निवांत होतात. पुष्कळ म्हणजे सगळी नव्हेत, आपल्या मुलावर काय होतं ते बघूनच ठरवा.

बोलतं करण्यासाठी झोका पाण्याइतकाच चांगला. झोका मागे ओढून धरायचा, ‘एक... दोन...’ म्हणायचं आणि थांबायचं. ‘तीन’ मुलाने म्हणायचं किंवा पाय हलवून सांगायचं. पुढे-मागे संथ झुलणं बऱ्याच मुलांना मानवतं, गरगर फिरवणं मात्र जपून. मूल मजेत हसत असतं आणि थोड्या वेळाने अचानक कावतं किंवा मळमळतं. हाताच्या बारीक कामासाठी या खेळांचा थेट उपयोग थोडा, पण त्यांच्यानंतर लगेच ट्रे मांडला तर तो जास्त वेळ चालतो.

थेरपिस्टकडचं सत्र

जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून मदत करणारी तज्ज्ञ) १९६० आणि ७० च्या दशकांत सेन्सरी इंटिग्रेशनची, म्हणजे वेगवेगळ्या संवेदनांची मेंदूत नीट सांगड घालायला मदत करणाऱ्या थेरपीची, मांडणी केली. २०१४ मध्ये अमेरिकेत ३२ ऑटिस्टिक मुलांवर झालेल्या चाचणीत ही थेरपी घेतलेल्या मुलांनी आपापली ठरवलेली उद्दिष्टं जास्त प्रमाणात गाठली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या १३८ मुलांच्या चाचणीत मात्र, नेहमीची मदत मिळणाऱ्या मुलांच्या तुलनेत चिडचिडीत फरक पडला नाही. मी यातून घेते ते एवढंच: ‘स्वभाव शांत होईल’ या आशेने जाऊ नका, दात घासणं किंवा कपडे घालणं असं ठोस काम घेऊन जा. उद्दिष्ट काय आणि प्रगती कशी मोजणार, हे थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारा. उत्तर गोलगोल आलं तर दुसरीकडे बघा.

खाणं फारच मोजकं असेल, मूल स्वतःला इजा करत असेल, फेफरं येत असेल किंवा अंगावर पाणी पडताच आकांत करत असेल, तर मात्र घरच्या प्रयोगांआधी तज्ज्ञच.

मी कोणत्या क्रमाने जाईन

आधी थोडी हालचाल, मग पाणी, आणि खेळात जमलेली गोष्ट शक्य तितक्या लवकर खऱ्या जागी. टबात पेला भरता आला म्हणून जेवताना भरता येईलच असं नाही. ऑटिस्टिक मुलांची एका जागी शिकलेली गोष्ट बऱ्याचदा तिथेच राहते. म्हणून जग तोच ठेवून फक्त जागा बदला. हात धुणं शिकवायचं असेल तर टब नकोच, पहिल्या दिवसापासून बेसिनपाशीच शिकवा.

यादीतलं वजनदार जॅकेट खोडून टाका, त्याच्या बाजूने भक्कम पुरावा नाही. वजनदार पांघरुणाची २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये ऑटिस्टिक मुलांवर चाचणी झाली. मुलांना ते आवडलं, झोप मात्र वाढली नाही. आवडतंय म्हणून घ्यायचंच ठरवलं तर मुलाला ते स्वतःच्या हाताने सहज दूर सारता आलं पाहिजे. तेवढं जमत नसेल तर घेऊ नका.