पहिलीला कुठं घालायचं?

कर्नाटकातल्या खानापूरकडच्या माझ्या मावसबहिणीची लेक यंदा पहिलीला. गावातली सरकारी मराठी शाळा की बेळगावातली खासगी इंग्रजी, यात बहीण अडकली आहे.

खर्चाचं सरळ आहे. सरकारीत फी नाही. पुस्तकं, दूध, दुपारचं जेवण मिळतं. खासगीत फीवर व्हॅन आणि शिकवणी धरा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या, २५ टक्के जागांवर विसंबू नका: २०१९ पासून कर्नाटकात जवळ सरकारी शाळा असली की खासगीत ती जागा मिळत नाही.

भाषेचं मात्र नीट बघा. कन्नड दोन्हीकडे शिकावीच लागते. प्रश्न आहे गणित कोणत्या भाषेत कळतं याचा. घरी मराठी बोलणारं पोर इंग्रजी उत्तर घडाघडा म्हणतं, अर्थ विचारला की गप्प. शेजारच्या घरी मी हे रोज बघते, जीव तुटतो.

शिक्षकांच्या बाबतीत सरकारी शाळा लंगडी पडू शकते. पट घटला की एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो. म्हणून बहिणीला म्हटलं, आधी शाळेत जाऊन बस, तिसरीच्या पोराला धडा वाचायला सांग.

शिक्षक पुरेसे असतील तर पाचवीपर्यंत सरकारी मराठीच. बदलीची नोकरी असेल, किंवा घरी इंग्रजीतून अभ्यास घेणारं कुणी असेल, तर खासगी.