कॉन्ट्रॅक्टर म्हणे फ्लॅटवर लिएन टाकतो... ठाण्याच्या वकील मॅडमचा अनुभव

रिनोव्हेशनच्या कॉन्ट्रॅक्टरशी पैशावरून वाजलंय आणि तो घरावर लिएन, म्हणजे बाकी पैशांसाठी बोजा, चढवायची भाषा करतोय, असं असेल तर आधी सिव्हिलच्या चांगल्या वकिलाला फी देऊन भेटा. आम्ही कोर्ट नाक्याजवळच्या एका मॅडमकडे गेलो. नाव टाकत नाही, कारण वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे, उगाच त्यांना त्रास नको.

घोडबंदर रोडचा सासऱ्यांचा फ्लॅट विकायला काढायचा म्हणून किचन, बाथरूम, टाइल्स सगळं करून घेतलं. वॉटरप्रूफिंग फेल, खालच्या काकूंच्या सीलिंगला ओल, हॉलमधल्या टाइल्स पोकळ वाजतात, म्हणून शेवटचा हप्ता थांबवला तर कॉन्ट्रॅक्टरने बाबांना (सासऱ्यांना) मेसेज केला की फ्लॅटवर लिएन टाकतो, बघतो कसा विकता ते, आणि सोसायटीला पण पत्र दिलं की यांना एनओसी देऊ नका. वर टाइल्सवाला दारात, की कॉन्ट्रॅक्टरने माझं बिल दिलं नाही, तुम्ही द्या. बाबांची झोपच उडाली.

नेटवर शोधलं की जे येतं ते बहुतेक अमेरिकेचं असतं. तिकडे खरंच तसा कायदा आहे, कॅलिफोर्नियात काम संपल्यावर साधारण ९० दिवसांत कॉन्ट्रॅक्टर काउंटीच्या रेकॉर्डला मेकॅनिक्स लिएन नोंदवू शकतो, कोर्टात न जाता, माल देणारा सप्लायरसुद्धा नोंदवू शकतो, तुम्ही कॉन्ट्रॅक्टरचे पैसे चुकते केलेले असले तरी. नोंदवल्यापासून ९० दिवसांत दावा लावला नाही तर मात्र त्याचा जोर जातो. हे वाचून कोणीही घाबरेल.

मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, आपल्याकडे असा लिएन नाही. कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम १७० मधला लिएन दुरुस्तीला दिलेल्या वस्तूवर असतो, म्हणजे सोनाराकडचा दागिना वगैरे, घरावर नाही. त्याला पैसे हवे तर काम झाल्यापासून ३ वर्षांत वसुलीचा दावा करायचा. नुसत्या बिलाच्या दाव्यात फ्लॅटच्या मालकीचा प्रश्नच नसतो, त्यामुळे लिस पेंडन्सची नोटीस, म्हणजे या मालमत्तेवर कोर्टात वाद चालू आहे अशी नोंद, रजिस्टर करायलाही आधार नाही. निकालाआधी जप्ती मागता येते, पण आम्ही पैसे बुडवायलाच फ्लॅट विकतोय हे त्याने कोर्टाला पटवायला लागतं, आणि सुप्रीम कोर्टाने रामन टेकच्या केसमध्ये सांगितलंय की विनातारण बाकीला तारण मिळवून द्यायला ही तरतूद वापरायची नाही. तरी आमची विक्री चालू होती म्हणून मॅडमनी कॅव्हेट (कोर्टात आधीच दिलेला अर्ज) टाकलं, ते ९० दिवस चालतं, म्हणजे आम्हाला न ऐकता ऑर्डर होत नाही. टाइल्सवाल्याचा व्यवहार कॉन्ट्रॅक्टरशी, आमच्याशी नाही. सोसायटीचं स्वतःचं मेंटेनन्सचं येणं वेगळं, खाजगी बिलासाठी सोसायटीने मध्ये पडायचं कारण नाही, हे त्यांनी सेक्रेटरींना लेखी कळवलं.

मला सगळ्यात आवडलं ते हे की त्यांनी भांडण वाढवलं नाही. बाबांना स्पष्ट म्हणाल्या, काका, जेवढं काम नीट झालंय त्याचे पैसे त्याला द्यावेच लागतील. मग इंजिनीअरकडून मोजमाप करून घेतलं, दुरुस्तीचा खर्च वजा केला, उरलेली रक्कम चेकने दिली आणि त्याच वेळी फुल अँड फायनलच्या कागदावर त्याची सही घेतली. लेबरचे पैसे त्याने त्यातूनच दिले असं ऐकलं, बरं वाटलं.

त्रास म्हणाल तर दिवसा फोन उचलत नाहीत, कोर्टात असतात, आणि ज्युनिअरने ड्राफ्टमध्ये फ्लॅट नंबर चुकवला होता, आम्हीच पकडला, त्यामुळे सही करायच्या आधी प्रत्येक पान वाचा. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बाबांना जिने चढताना फार दम लागला. फी मात्र कामाआधीच कागदावर लिहून दिली आणि नंतर एक रुपया जास्त मागितला नाही.

कोणाही वकिलाकडे जाताना क्वोटेशन, पेमेंटचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲप चॅट आणि कामाचे फोटो तारखेप्रमाणे लावून न्या, आमची अर्धी मीटिंग तेच शोधण्यात गेली.