कोणत्याही टप्प्यावरचा रुग्ण चालेल: डेन्व्हरच्या डॉ. स्पिवाक यांच्या क्षय आरोग्यधामाचे परीक्षण

धर्मादाय रुग्णालयाची पारख करताना मी सर्वप्रथम त्याचे प्रवेशाचे नियम वाचतो. इमारत, उपकरणे, देणगीदारांच्या नावांच्या पाट्या हे सारे नंतर येते. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला दारातून परत पाठवायचे, या एका निर्णयात संस्थेचे खरे धोरण लिहिलेले असते. कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहराच्या पश्चिमेला, वेस्ट कोल्फॅक्स रस्त्यालगत, १९०४ च्या सप्टेंबरमध्ये ‘ज्यूइश कन्झम्प्टिव्ह्ज रिलीफ सोसायटी’ने (म्हणजे ज्यू क्षयरुग्ण मदत संस्थेने) जे क्षय आरोग्यधाम सुरू केले, त्याच्या सेवेचे परीक्षण म्हणूनच त्याच्या दारापासून करणे योग्य ठरेल. येथे क्षयाच्या कोणत्याही टप्प्यावरचा रुग्ण घेतला जाई, त्याच्याकडून पैसे घेतले जात नसत आणि त्याचा धर्मही आड येत नसे.

या नियमाचे मोल कळण्यासाठी शेजारच्या संस्थेकडे पाहावे लागते. डेन्व्हरमध्ये १८९९ पासून ‘नॅशनल ज्यूइश हॉस्पिटल’ चालू होते आणि तेथील उपचारही पूर्णपणे मोफत होते. मात्र तेथे आजाराच्या सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णांनाच प्रवेश मिळे, मुक्कामाची मर्यादा साधारण सहा महिन्यांची असे आणि बाहेर पडल्यावर आपण शहरावर भार होणार नाही याची हमीही रुग्णाला द्यावी लागे. हे धोरण निर्दय होते असे मी म्हणणार नाही. खाटा मोजक्या असताना बरे होण्याची शक्यता अधिक असलेल्यांना त्या द्याव्यात, या म्हणण्याला वैद्यकीय तर्काचा आधार होता. परंतु न्यूयॉर्क किंवा फिलाडेल्फियाच्या कोंदट कारखान्यांत शिवणकाम करता करता आजारी पडलेला, तरीही मजुरी बुडू नये म्हणून खोकला लपवत राहिलेला स्थलांतरित कामगार डॉक्टरांसमोर येई तोवर त्याची सुरुवातीची अवस्था बहुधा सरलेली असे. डेन्व्हरची सुमारे १६०० मीटर उंचीवरची कोरडी, उन्हाची हवा क्षयाला मानवते असा त्या काळी दृढ समज होता. त्या भरवशावर असे असंख्य लोक शिल्लक पैसे तिकिटाला घालून या शहरात उतरत आणि मग त्यांना निवारा उरत नसे. नवी संस्था उभारण्यात पुढाकार घेतला तो पूर्व युरोपातून आलेल्या कामकरी ज्यूंनी, आणि त्यांच्यापैकी काही जण स्वतः क्षयाचे रुग्ण होते.

संस्थेचे चिटणीस आणि मुख्य सूत्रधार होते डॉ. चार्ल्स स्पिवाक. १८६१ मध्ये रशियन साम्राज्यातील क्रेमेनचुक येथे जन्मलेले स्पिवाक क्रांतिकारक चळवळीतील सहभागामुळे १८८२ मध्ये देश सोडून अमेरिकेत आले, तेथे प्रारंभी मजुरी केली आणि १८९० मध्ये फिलाडेल्फियाच्या जेफर्सन मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. पत्नीच्या प्रकृतीसाठी १८९६ मध्ये ते डेन्व्हरला आले. आपल्या दारी येणारा रुग्ण कोणत्या परिस्थितीतून येतो, हे त्यांना चौकशीचा अर्ज वाचून समजून घ्यावे लागत नव्हते, आणि सेवेच्या बारीकसारीक व्यवस्थेत त्याचा प्रत्यय येतो. संस्थेचे अध्यक्ष डॉ. फिलिप हिल्कोविट्झ हेही स्थलांतरित डॉक्टरच होते.

निवासाची सोय सुरुवातीला तंबूवजा लाकडी खोल्यांची होती. आजच्या वाचकाला ती काटकसर वाटेल, आणि काही अंशी ती होतीच, पण अहोरात्र मोकळी हवा हाच तेव्हाचा मान्य उपचार असल्यामुळे स्वस्त निवारा आणि वैद्यकीय मत यांचा येथे चांगला मेळ बसला. कोलोरॅडोच्या हिवाळ्यात, अंगात ताप असताना, अशा खोलीत रात्र काढणे सुखाचे नसणार हे उघड आहे, त्यामुळे निवासाला मी पूर्ण गुण देणार नाही. पुढे देणग्या वाढल्या तशा पक्क्या इमारती उभ्या राहिल्या आणि जागेचा विस्तारही कितीतरी पटींनी झाला.

भोजनाच्या बाबतीत मात्र ही सेवा शेजारच्या संस्थेपेक्षा सरस होती. येथे पहिल्यापासून कोशेर, म्हणजे ज्यू धर्माचे आहारनियम पाळणारे, स्वयंपाकघर होते, तर नॅशनल ज्यूइशमध्ये सुरुवातीची बरीच वर्षे ही सोय नव्हती. ही केवळ धार्मिक हौस नव्हे. दूध, अंडी आणि मांस यांचा भरपूर आहार हा क्षयोपचाराचा कणा मानला जात असे. ज्याला निषिद्ध अन्न घशाखाली उतरत नाही, त्याच्यासाठी ताटात कितीही पौष्टिक पदार्थ वाढले तरी ते औषध वायाच जाणार. त्यातही कोशेर नियमांनुसार दूध आणि मांस एकत्र खाता येत नाही आणि दोहोंची भांडी वेगळी ठेवावी लागतात, म्हणजे दूध आणि मांस या दोन्हींवर भर देणारा आहार शेकडो रुग्णांना नियम सांभाळून पुरवणे हे मुदपाकखान्याचे मोठेच कसब होते. संस्थेने स्वतःच्या गाईगुरांचा गोठाही ठेवला होता. आवारात १९११ पासून सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, होते आणि रुग्णांना आपल्या यिडिश भाषेत बोलता येत होते. आजारपणात परक्या भाषेत दुखणे सांगण्याचा त्रास ज्याने सोसला आहे, त्याला या सोयीची किंमत वेगळी सांगायला नको.

आता मुख्य प्रश्न: लोक बरे होत होते का? येथे परीक्षकाने भावनेच्या आहारी जाऊ नये. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला होता, पण त्याला मारणारे प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ पर्यंत मिळालेच नाही. तोवर विश्रांती, हवा, ऊन, आहार आणि काही रुग्णांमध्ये फुप्फुसाभोवती हवा भरून ते निजवण्याची युक्ती, एवढीच डॉक्टरांच्या हातातील साधने होती. त्यांपैकी एकही साधन रोग मुळापासून काढीत नव्हते. शिवाय गंभीर रुग्ण स्वीकारणाऱ्या संस्थेत मृत्यूचे प्रमाण अधिक दिसणार हे ठरलेलेच होते. सौम्य रुग्ण निवडणाऱ्या रुग्णालयाच्या आकड्यांशी तिचे आकडे ताडून पाहणे अन्यायाचे ठरेल, आणि आजही रुग्णालयांच्या क्रमवाऱ्या वाचताना हे भान अनेकदा सुटते. संस्थेचे बोधवाक्य ताल्मूद या ज्यू धर्मग्रंथातले होते: जो एक जीव वाचवतो, तो जणू सारे जग वाचवतो. प्रत्यक्षात तिने जितके जीव वाचवले, त्याहून कितीतरी अधिक जणांना शेवटचे दिवस स्वच्छ अंथरुणात आणि पोटभर अन्न मिळून घालवता आले, असे मला वाटते. मृतांना स्वतःच्या धर्माचाराप्रमाणे मूठमाती मिळावी याचीही व्यवस्था होती. गोल्डन हिल दफनभूमीतील एक टेकडी त्यांच्यासाठीच होती. या सेवेचा आणखी एक लाभ रुग्णाच्या खाटेपासून दूर होता: थुंकीतून जंतू पसरवणारा रुग्ण दाटीवाटीच्या बिऱ्हाडातून बाहेर आला की घरातील लेकरांचा धोका कमी होई.

पैसा कोठून येत होता, हे पाहिल्यावर संस्थेविषयीचा माझा आदर वाढला. मोजक्या धनिकांवर न विसंबता देशभरातील कामगारांकडून आणि स्त्रियांच्या साहाय्यक मंडळांकडून नाण्यानाण्यांनी निधी जमवला गेला. त्यामुळे देणारा आणि घेणारा बहुधा एकाच वस्तीतले असत आणि उपकाराचा ताठा कमी राहत असे. मात्र दोन ज्यू संस्था एकाच शहरातून त्याच समाजाकडे हात पसरू लागल्यामुळे त्यांच्यात कडवट वाद झाले, आणि टेम्पल इमॅन्युएल या सिनेगॉगचे रब्बी (धर्मगुरू) विल्यम फ्रीडमन यांच्यासारख्या वजनदार व्यक्तींनी नव्या संस्थेला विरोध केला. एकत्र काम झाले असते तर खर्च वाचला असता हे खरे, पण त्या एकीची किंमत कदाचित प्रवेशाच्या नियमानेच चुकवावी लागली असती.

स्पिवाक १९२७ मध्ये निधन पावेपर्यंत चिटणीसपदी राहिले. आपला देह वैद्यकीय विद्यार्थ्यांना विच्छेदनासाठी द्यावा, विद्यार्थ्यांत ज्यू आणि ज्यूएतर समसमान असावेत, आणि नंतर सांगाडा जेरुसलेमच्या विद्यापीठात शिकवण्यासाठी धाडावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले होते. औषधे आल्यावर क्षयाचे रुग्ण घटले आणि १९५४ मध्ये संस्थेने कर्करोगाकडे मोर्चा वळवला. तोपर्यंतच्या पन्नास वर्षांत तिने सुमारे दहा हजार रुग्णांना आसरा दिला होता.

उणीव दाखवायचीच तर ती आरोग्यधामातून बाहेर पडल्यानंतरच्या काळाची आहे. ताप उतरलेला, वजन वाढलेला माणूस त्याच कारखान्यात, त्याच खोलीत परत गेला की आजार उलटत असे, आणि हलके काम मिळवून देण्याची किंवा कुटुंबाचे पोट भरण्याची भक्कम व्यवस्था आरोग्यधामाच्या आवाक्यात नव्हती. डेन्व्हरमध्ये माजी रुग्णांसाठी वेगळे वसतिगृह काढावे लागले, यावरूनच ही गरज किती मोठी होती हे दिसते. आज क्षयरोग्यांसाठी मोफत सेवा उभारणाऱ्यांनी या संस्थेचा प्रवेशाचा नियम आणि तिचे स्वयंपाकघर जसेच्या तसे उचलावे, मात्र घरी परतणाऱ्या रुग्णाच्या पगाराची तरतूद पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकातच करावी.